दोन इटालियन गाड्या आणि मुळशीचा पाऊस

मौजे माण, तालुका मुळशी, येथील ज्या शिवारात पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आज हिंजवडी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या तिसऱ्या टप्प्याच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. या टप्प्यात ज्या टेक महिंद्रचे विस्तीर्ण आवार आहे, त्याच कंपनीने महिंद्र अँड महिंद्रच्या जोडीने तुरीनच्या पिनिनफारिना या विख्यात पेढीचे सुमारे शहात्तर टक्के भाग खरेदी करण्याचा करार डिसेंबर २०१५ मध्ये केला. सबब, येथील एखाद्या सुखवस्तू अभियंत्याला उघड्या टपाची जुनी इटालियन गाडी घेण्याची हौस झाली आणि आल्फा रोमिओ स्पायडर की फियाट १२४ स्पायडर, असा पेच त्याच्यापुढे पडला, तर तो परक्याच्या घरचा तंटा म्हणता येणार नाही. कारण दोन्ही गाड्या १९६६ सालच्या आणि दोन्ही पिनिनफारिनाच्याच.

आल्फाचे लावण्य निर्विवाद आहे. नावेच्या नाळेसारखी निमुळती होत गेलेली तिची मागील बाजू म्हणजे पेढीचे संस्थापक बातिस्ता यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या अखेरच्या कृतींपैकी एक. मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि एप्रिलात ते निवर्तले. पुढे १९६७ च्या ‘द ग्रॅज्युएट’ या चित्रपटाने तिला जी कीर्ती मिळवून दिली, तिचे मोल गिऱ्हाइकाला आजही रोख मोजावे लागते.

तथापि माझा कौल फियाटला आहे. टॉम त्यार्दा या अमेरिकन कलावंताने रेखाटलेली ही गाडी तितकी नखरेल नसली, तरी तिचा कापडी टप बसल्या जागेवरून एका हाताने ओढून घेता येतो, आणि ताम्हिणीकडून सर चालून आली म्हणजे सौंदर्यमीमांसेला फारसा अवधी उरत नाही. आल्फाच्या दोन जोडकार्ब्युरेटरांचा मेळ राखणे हे नाजूक कानाचे काम आहे. आरंभीच्या फियाटला एकच कार्ब्युरेटर असल्याने साधा मिस्त्रीही तिला मार्गावर आणू शकतो. फेरारीची एंजिने घडविलेल्या लांप्रेदीने हिचेही एंजिन घडविले. मात्र त्यातील टायमिंग बेल्ट मुदतीत बदलणे अगत्याचे आहे, आणि येथे आल्फाची टायमिंग चेन अधिक निर्धोक, हे मान्य केले पाहिजे.

शिवाय फियाट हे नाव कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यामुळे आपल्या घरोघरी रुळलेले. प्रीमियर ११८ एनई ही मोटार तर बंद टपाच्या फियाट १२४ वरूनच उतरली होती, फक्त एंजिन निसानचे होते. यावरून तेच एंजिन स्पायडरला जोडण्याची मसलत देणारा कोणीतरी भेटेलच. त्याला नमस्कार करावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटार मूळ रूपात राखलेली असेल, तरच तिची ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने विंटेज म्हणून नोंद होते. अशी गाडी रोजच्या वापरालाही चालत नाही, त्यामुळे हिंजवडीच्या वाहतूक-कोंडीत तिला तापवीत ठेवण्याचा मोह कायद्यानेच टळतो.

विसार देण्यापूर्वी मात्र गाडी उचलून घ्यावी आणि दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा. गंज दोघींनाही सारखाच प्रिय आहे. धडधाकट आल्फा आणि कुजलेली फियाट यांतून निवड करायची असल्यास वरील निवाडा रद्द समजावा.