अ‍ॅम्पेग आणि ‘उत्क्रांती’ची दंतकथा

१/ अ‍ॅम्पेग या अमेरिकी कंपनीच्या बेस अ‍ॅम्प्लिफायरांचा इतिहास सहसा जिन्यासारखा सांगितला जातो. आधी आटोपशीर बी-१५, मग अवाढव्य एसव्हीटी. प्रत्येक पायरी जणू आधीच्या पायरीतून आपसूक निघालेली. ही मांडणी सोयीची आहे, म्हणूनच ती टिकली. पण जिन्याच्या ऐन मध्यावर संस्थापकच कंपनीबाहेर पडले, त्याचे काय?

२/ एव्हरेट हल स्वतः डबल बेस वाजवत. वाद्यवृंदातल्या ट्रम्पेट-ड्रमपुढे हे वाद्य ऐकूच येत नसे. १९४०च्या दशकात त्यांनी बेसच्या तळाच्या खुंटीत मायक्रोफोन बसवला. ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’, म्हणजे आवाज वाढवणारी खुंटी. कंपनीचे नाव त्यातूनच आले. लाकडी वाद्याचा नाद न बिघडवता मोठा करणे, एवढेच त्यांना हवे होते.

३/ १९६० सालचा बी-१५ पोर्टाफ्लेक्स हा त्या आग्रहाचा सर्वोत्तम आविष्कार. रचनाकार जेस ऑलिव्हर. १५ इंची एकच स्पीकर, शक्ती २५ वॅटच्या आसपास. कार्यक्रम संपला की वरचे यंत्र उलटे करून पेटीतच मिटून ठेवायचे.
(मोटाउनच्या गाण्यांतला जेम्स जेमरसन यांचा बेस म्हणजे हाच अ‍ॅम्प्लिफायर, असे बिनदिक्कत लिहिले जाते. ते तो क्लबांत वापरत. स्टुडिओत त्यांचा बेस बहुतांशी थेट कन्सोलला जोडलेला असे.)

४/ हल यांना रॉक रुचत नसे. आवाज चढवल्यावर उमटणारी फाटकी गुरगुर तर मुळीच खपत नसे. इकडे १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५ हजार श्रोत्यांपुढे बीटल्सचे १०० वॅटचे व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरही किंकाळ्यांत बुडाले. तेथे पोर्टाफ्लेक्सच्या सोवळ्या नादाला कोण विचारणार?

५/ १९६६ मध्ये ऑलिव्हर गेले. १९६७ मध्ये कंपनी युनिम्युझिकच्या हाती गेली आणि पाठोपाठ हलही बाहेर पडले. त्यानंतर, १९६९ मध्ये, बिल ह्यूज आणि रॉजर कॉक्स यांचा एसव्हीटी आला: ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, १० इंची आठ-आठ स्पीकरांच्या दोन पेट्या. नुसते वरचे यंत्रच चाळीस किलोंच्या आसपास! त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने बेसबरोबर गिटारीही त्यांतूनच गरजवल्या.

६/ बेस ऐकू यावा, हे उद्दिष्ट दोन्हीकडे समान होते, असा बचाव केला जातो. तो मान्य केला, तरी ‘ऐकू येणे’ याचा अर्थ मधल्या नऊ वर्षांत बदलला होता, आणि हल यांनी तो बदल कधीच पत्करला नाही. ‘उत्क्रांती’ या एका शब्दाने त्यांचा हा नकारही पुसला जातो आणि १९६७चा विक्रीव्यवहारही. उरते ती फक्त दोन्ही यंत्रांवरची सारखी नाममुद्रा. जाहिरातदाराला तेवढी पुरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने १९६६ ते १९६९ ही वर्षे सावकाश वाचावीत.