स्टेशनपासून पाच मिनिटं, ओसीचा पत्ता नाही

‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला, जीवसृष्टीची शक्यता!’ ही बातमी मराठी माध्यमांत अधूनमधून येतच असते. हा लेख तिच्या विरोधात आहे. खगोलशास्त्राच्या विरोधात नाही. उलट त्याच्या बाजूनं आहे.

घोळ एका शब्दापासून सुरू होतो. ‘हॅबिटेबल झोन’चं आपण ‘राहण्यायोग्य पट्टा’ केलं आणि वाचकाला वाटलं, तिथं राहता येतं. मूळ अर्थ फार तोकडा आहे: ताऱ्यापासून इतक्या अंतरावर, योग्य वातावरण असलंच तर, पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. वातावरण आहे का, पाणी आहे का, याबद्दल ही संज्ञा अवाक्षर काढत नाही.

वसई-विरारकरांना हे वेगळं समजवायला नको. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे आपण लहानपणापासून वाचत आलोय. अंतर एक वेळ खरं असतं. पण ओसी, नळजोडणी, मुळात जमीन कोणाची, हे कागद वेगळे. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी संसार मांडले, आणि २०२५च्या फेब्रुवारीपर्यंत त्या पाडूनही झाल्या. केवळ अंतर बघून घराची पारख होत नाही. ग्रहाची कशी होईल?

शुक्र घ्या. खडकाळ, आकारानं जवळपास पृथ्वीएवढा. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस. हाच दुसऱ्या ताऱ्याभोवती सापडला असता, तर ‘पृथ्वीचा जुळा भाऊ’ म्हणून आपण त्याचं बारसं करून मोकळे झालो असतो.

खरी बातमी कशी असते? ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती साधारण पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह आहेत. २०१७ मध्ये ते जाहीर झाले तेव्हाचे मथळे आठवा. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं त्यातल्या सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली. ग्रह ताऱ्यामागे लपला की एकूण अवरक्त प्रकाश किंचित घटतो. ती घट म्हणजे ग्रहाचा वाटा. दिवसाच्या बाजूचं तापमान सुमारे २३० अंश निघालं. दाट वातावरण असतं, तर वाऱ्यांनी बरीच उष्णता रात्रीच्या बाजूला नेली असती. म्हणजे तिथं हवा जवळपास नाहीच. हा ग्रह त्या पट्ट्याच्या आत, ताऱ्याच्या फार जवळ आहे हे खरं. पण असा चिडखोर तांबडा तारा आपल्या ग्रहांची हवा टिकू देतो का, हा प्रश्न सातही भावंडांचा आहे. इतक्या लांबून ‘हवा नाही’ असं सांगता येणं, ही माणसाची केवढी मजल! तिला पहिल्या पानावर जागा नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटानं १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बीवर डायमिथाइल सल्फाइडचे संकेत मांडले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांमुळे तयार होतो. गटानं स्वतःच खात्री ‘तीन सिग्मा’ची सांगितली होती, शोध म्हणायला पाच लागतात. इतरांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा संकेत डळमळीत निघाला. शिवाय हा रेणू धूमकेतूवरही आढळला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकाच्या मशीनवर चाललेला कोड आमच्याकडे कोणी ‘झालं काम’ म्हणून स्वीकारत नाही. फेरतपासणीत दावा डळमळला म्हणजे विज्ञान फसलं असं नव्हे. ते असंच चालतं.

हा संयम आपल्याला परका नाही. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं २००१ आणि २००५ मध्ये इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून बलून सोडून वरच्या हवेचे नमुने गोळा केले गेले. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या; एकीला फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं गेलं. विश्वातून जीव येतो, या मताला नारळीकर अनुकूल होते. तरीही २००९ मध्ये इस्रोनं निष्कर्ष जाहीर करताना स्पष्ट म्हटलं, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

‘आधी आमच्या नळाला पाणी आणा, मग परग्रहावर शोधा,’ असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. पण नळाचं पाणी दुर्बिणीनं अडवलेलं नाही. ते कोणी अडवलं, हे विरारमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ‘पृथ्वी बिघडली तर दुसरी आहेच’ हा दिलासा तर त्याहून घातक. व्हॉयेजर-१च्या वेगानं ट्रॅपिस्टला पोचायला सुमारे सात लाख वर्षं लागतील. तोवर भराव घातलेली पाणथळ आणि बुडालेली मिठागरं यांच्यासोबत आपल्याला इथंच राहायचंय.

म्हणून संपादकांकडे मागणी साधी आहे. ‘राहण्यायोग्य’ हा शब्द सोडा, ‘द्रवजल-पट्टा’ म्हणा. प्रत्येक बातमीत तीन गोष्टी छापा: काय मोजलं, खात्री किती, दुसऱ्या कोणी तपासलं का. घर घेताना आपण कागद मागतो. ग्रहाचेही मागा.