सहलीचा बेत

जबलपूरच्या ओमती भागातील कुटुंबाने एका दिवसाच्या सहलीचा बेत आखला, की डुमना निसर्ग उद्यानाचे नाव सहज पुढे येते. शहरालगतच्या या वनात चितळ, रानडुक्कर, साळिंदर असे प्राणी आढळतात. मग घरच्या शिदोरीबरोबर प्राण्यांसाठी बिस्किटे आणि फुटाणेही बांधले जातात. मुलांना प्राण्यांचा जवळून परिचय व्हावा, ही पालकांची इच्छा रास्तच आहे; परंतु खाऊ घालणे म्हणजे परिचय नव्हे.

आयत्या खाऊला चटावलेले माकड माणसाच्या हातातील वस्तूंवर झडप घालते आणि रस्त्यावर येऊन वाहनाखाली सापडते. अन्नाचा वास असलेली प्लॅस्टिकची पिशवी गिळलेले चितळ दगावू शकते. म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचण्यास व खाऊ घालण्यास मनाई आहे. हाच संयम मोकळ्या वनातही पाळला पाहिजे.

तेव्हा सहलीच्या आदल्या दिवशीच मुलांशी बोलावे. डुमन्यातील खंदारी जलाशयात मगरी आहेत, म्हणून पाण्यात उतरायचे नाही, हे बजावावे. सकाळी लवकर निघावे, आवाज करू नये, कचरा परत आणावा. चितळ चरताना मध्येच कान का टवकारते, मगर उन्हात का पडून राहते, असे प्रश्न मुलांना पडू द्यावेत. मगरीला अंगाची ऊब उन्हातूनच मिळवावी लागते, हे ज्याला निरीक्षणातून उमगले, त्या मुलाची प्राण्याशी खरी ओळख झाली. त्यासाठी हातात फुटाणे नकोत. डोळे उघडे हवेत.