जुन्या संगणकास नवा प्रोसेसर

घरांतील संगणक मंदावला कीं चिरंजीव नवा घ्यावा म्हणतात आणि वडील मंडळी ‘नुसता प्रोसेसर बदलूं’ असा तोडगा काढतात. तोडगा अग्राह्य नाहीं; परंतु पैसे मोजण्यापूर्वीं मदरबोर्डाचें नांव व क्रमांक उतरून घ्यावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

इंटेलच्या ११५१ टोंकांच्या सॉकेटाचेंच पाहा. २०१५ सालच्या आय-३ ६१०० च्या जागीं सातव्या पिढीचा आय-७ ७७०० बसवितां येतो व दोन गाभ्यांचे चार होतात. मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच बायोस अद्ययावत् करून घ्यावें. २०१७ च्या अखेरीस निघालेला आठव्या पिढीचा प्रोसेसरहि त्याच खांचेंत बसतो. पण संगणक सुरूच होत नाहीं, कारण वीज पुरविणाऱ्या टोंकांची वांटणी बदलली आहे. शब्दरूप एक, धातु निराळा! रूप पाहून अर्थ लावणारा विद्यार्थी येथेंहि फसतो.

सॉकेटांतील टोंकें फार नाजूक. वांकलीं कीं बोर्ड गेलाच.

मंदपणाचें मूळ बहुधा फिरत्या हार्डडिस्कांत असतें. तेव्हां प्रथम एसएसडी घालावी. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादींत हा आय-७ ७७०० नाहीं. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर असा खर्च आम्ही तरी सुचविणार नाहीं. लिनक्स वापरण्याची तयारी असलेल्या घरांची गोष्ट वेगळी.