तीनशे चौरस फुटांचा कारखाना

कामगारांच्या घरांचा प्रश्न आपल्याकडे नेहमी संख्येच्या भाषेत मांडला जातो. किती घरे मंजूर झाली, किती बांधून पूर्ण झाली, किती किल्ल्यांचे वाटप झाले! या हिशेबात सोलापूरने मान खाली घालावी असे काही नाही. २००६ साली कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग तिच्यासाठी सोलापुरात आले. त्याच परिसरात तीस हजार घरांच्या रे नगरची कोनशिला २०१९ मध्ये बसली व त्यांतील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हवाली झाली. कम्युनिस्ट मित्रांशी आम्हां समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत आणि ते मिटले आहेत असे सांगण्याचे कारण नाही. परंतु नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या कष्टकऱ्यांनी निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांकडून ही घरे झगडून मिळविली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

घर मिळाले. आता प्रश्न असा, की त्या घरात राहायचे कसे? हा प्रश्न विचारला की आपल्यातील काही मंडळी कपाळाला आठ्या घालतात. कपाट, खिडकी, ओटा, माळा हे त्यांच्या मते मध्यमवर्गीय गृहशोभेचे विषय असतात. मला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ दोन हजार चौरस फूट आहेत त्याने खिडकी चुकीच्या जागी ठेवली तरी त्याचे काही अडत नाही. ज्याच्याजवळ तीनशेच आहेत, त्याला ती चूक आयुष्यभर सोसावी लागते.

काही महिन्यांपूर्वी शहराच्या पूर्व भागातील एका दीड खोलीच्या घरात बसण्याचा योग आला. माणसे सहा. दारालगत पाण्याचे दोन ड्रम होते, कारण सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली आहे आणि ती सवय अंगवळणी पडली आहे. दोन ड्रम म्हणजे आठ चौरस फूट जमीन गेली. भिंतीशी लोखंडी पेटी, तिच्यावर गोधड्या आणि चादरींची चळत. मधोमध घरची बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पाने. तिच्या मागे हातभर अंतरावर नातू झोपलेला. पंखा बंद होता. उकाड्याने माझा सदरा भिजलेला पाहून ती म्हणाली, "पंखा लावला की तंबाखू उडते, सर. पोराच्या नाकात जाते." खिडकी होती, पण जमिनीपासून साडेतीन फुटांवर. उजेड तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर पडत होता आणि विडीच्या दोऱ्याची गाठ ती अंदाजाने मारीत होती.

त्या खिडकीचा विचार मी परतताना करीत होतो. साडेतीन फूट ही उंची कोणी ठरविली? खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने. आपल्याकडची कष्टकरी स्त्री जमिनीवर बसून काम करते. निवडते, शिवते, वळते, मुलाला पाजते. तिच्यासाठी खिडकीची बैठक जमिनीपासून फूटभर उंचीवर हवी, म्हणजे हातावर उजेड पडेल आणि वारा अंगाला लागेल. समोरच्या भिंतीत छताजवळ एक झरोका असला की गरम हवा आणि तंबाखूची धूळ बाहेर जाण्यास वाट मिळते. यासाठी एकही जादा वीट लागत नाही. नकाशा काढणाऱ्याने ती बाई कशी बसते ते एकदा पाहायला हवे, इतकेच.

पाहण्याने काय साधते याचे एक उदाहरण आहे. १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नगरपालिकेने कामगारांसाठी घरे बांधावयास घेतली, तेव्हा मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या तरुण ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने त्यांतील स्वयंपाकघराची आखणी केली. कोणत्या कामाला किती पावले व किती वेळ लागतो, याची तिने मोजदाद केली. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर नमुन्यासाठी समोर ठेवले. सुमारे दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब अशा जागेत ओटा, खण, घडीची फळी, बसण्याचे स्टूल, सारे भिंतीत बसविलेले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे झाली. (हीच बाई पुढे नाझींविरुद्ध भूमिगत कार्यात उतरली, १९४१ मध्ये पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिली. कपाटांचे खण मोजणे आणि क्रांतिकारक असणे यांत तिला विरोध दिसला नाही.) अर्थात त्या स्वयंपाकघरावर पुढे टीकाही झाली व ती रास्त होती. तेथे एकच माणूस मावे. बाई एकटी पडली, मूल नजरेआड झाले. मोजमाप अचूक असले तरी घरात राहणाऱ्यांना न विचारता केलेले मोजमाप अपुरे पडते, हा त्यातला धडा.

आणि आपल्याकडे तरी हे ज्ञान नव्हते असे कुठे आहे? सोलापूर जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरात खाट आणि पेटी सोडली तर सामान असे नसेच. भिंतच सामान होती! कोनाडे, दिवळ्या, फडताळ, खुंट्या, वर मातीचा जाड थर, बाहेर ओसरी आणि ओटा. सिमेंटच्या पातळ भिंतींनी कोनाडे गेले, सपाट स्लॅबने मातीचा थर गेला. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो तेव्हा दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता ओततो. छतावर दरवर्षी पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तरी फरक जाणवतो. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधून असे काम केले आहे. बांधतानाच दाराच्या वरच्या उंचीवर भिंतभर माळा आणि दोन भिंतींत फडशीची मांडणी घातली, तर पेटी, गोधड्या, भांडी जमिनीवरून उठतात. नंतर भिंत फोडून तेच करायला कितीतरी जास्त खर्च येतो आणि तो कामगार व्याजाने पैसे काढून करतो.

येथे अर्थशास्त्राचा खरा पेच सुरू होतो. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कामाच्या जागी स्वच्छता, हवा आणि गर्दी यांचे नियम घातले. परंतु 'औद्योगिक जागे'ची व्याख्या करताना खासगी राहते घर त्यातून वगळले. कारखानदाराला याहून सोयीचे काय असणार? जागेचे भाडे, दिव्याची वीज, पाने भिजविण्याचे पाणी, सारे बाईच्या संसारातून. एंगल्सने घरांच्या प्रश्नावरील आपल्या १८७२ च्या लेखमालेच्या १८८७ च्या प्रस्तावनेत इशारा दिला होता, की घरी काम करणाऱ्या मजुराचे स्वतःचे घर हेच त्याची मजुरी खाली दाबण्याचे साधन होऊ शकते. तेव्हा सरकारी अनुदानातून आपण घर अधिक सोयीचे केले, तर ते अनुदान अखेर विडी कारखानदाराच्या खिशात तर जात नाही ना, ही शंका रास्त आहे.

म्हणून ओसरी आणि खिडकी नाकारावी, हे मात्र उफराटे तर्कशास्त्र झाले. खर्च ज्याचा त्याच्याकडून वसूल करावा. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला होता आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरबांधणीस साहाय्य मिळे. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला. कराचे सुलभीकरण झाले म्हणून टाळ्या पडल्या; उद्योगाने कामगारांसाठी बाजूला काढावयाचा पैसा त्यात आटला, याची चर्चा फारशी झाली नाही. घरी बसून काम करणाऱ्यांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला नाही, हेही त्याच अनास्थेचे दुसरे टोक.

तेव्हा हजारी विड्यांच्या मजुरीसाठी युनियन जेव्हा वाटाघाटीस बसेल, तेव्हा मागणीपत्रात जागेचे भाडे हे स्वतंत्र कलम असावे. आणि यापुढे कामगारांच्या ज्या वसाहती होतील, त्यांचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी एक घर विटांचे नुसते कोरडे रचून उभे करावे, पाचपन्नास विडी कामगार स्त्रियांना सुपासकट त्यात दिवसभर बसवावे आणि खिडकीची उंची त्यांनी खडूने भिंतीवर आखून द्यावी.