गप बसा, बाई बातम्या सांगतायत

माझ्या माहेरी सकाळी सातनंतरची दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा चालायचा. कोनाड्यातल्या रेडिओवर पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि पुष्कळदा त्या सुधा नरवणे द्यायच्या. पोरांनी कालवा केला की आजोबा ओरडायचे, "गप बसा, बाई बातम्या सांगतायत!"

ज्या घरात आजीनं बैलबाजाराबद्दल तोंड उघडलं तरी आजोबा नुसता हात वर करून तिला थांबवायचे, त्या घरात एका बाईचं बोलणं ऐकण्यासाठी सगळ्यांना गप केलं जात होतं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. विधानसभा म्हणजे काय ते कळत नव्हतं. पण बाई बोलते आणि पुरुष हातातला चहा तसाच धरून ऐकतात, हे मी पाहत होते. पुढं मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले, मग पाच वर्षं सरपंच होते. 'बाईंनो, राजकारणात या' असं मला कुणी सांगितलं असेल तर ते आठवत नाही. आजोबांची ती हाक मात्र अजून कानात आहे.

म्हणून रेडिओ-टीव्हीवाल्यांना माझं सांगणं असं आहे. उपदेशानं बाई पुढं येत नाही. तिच्यासारखीच एखादी बाई, तिच्याच बोलीत, गटाराबद्दल, पाणीपट्टीबद्दल, टँकरच्या खेपांबद्दल बोलताना तिला ऐकू आली, आणि तेच बोलणं चावडीवरच्या पुरुषांनीही ऐकलं, तर ती पुढं येते. बाईनं ऐकणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच गावानं ऐकणं.

मी माण तालुक्याच्या कडेला दिलेली. 2012 मध्ये आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि घरच्यांनी माझा अर्ज भरला. भरला म्हणजे त्यांनीच भरला, मी सही केली. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली आणि 2011 मध्ये महाराष्ट्रानं पंचायतींमधलं महिलांचं आरक्षण निम्म्यावर नेलं, हे मला निवडून आल्यावर प्रशिक्षणात कळलं. पहिलं वर्षभर बैठकीला मी डोक्यावरचा पदर सावरत भिंतीकडच्या खुर्चीवर बसायचे. ठराव भाऊसाहेब वाचायचे, चर्चा पुरुषांची व्हायची आणि वही फिरत माझ्यापर्यंत यायची. गावात माझ्या यजमानांनाच 'मेंबर' म्हणत. मला 'वहिनी'.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. ज्यांनी 2012-13 चा माणदेशातला दुष्काळ पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. छावणीत जनावरं, घरात रिकामे हंडे, आणि दिवसभर टँकरची वाट. आमच्या वस्तीला दिवसाला दोन खेपा मंजूर होत्या. सकाळची यायची, दुपारची कधी यायची, कधी नाही. खेपांच्या वहीवर आम्हा दोघी मेंबर बायकांच्या सह्या घेतल्या जात. सही करताना मी बघू लागले, तर न आलेल्या खेपेपुढंही सहीची जागा तयार असायची.

एक दिवस छावणीत सामुदायिक रेडिओचं काम करणारी एक पोरगी आली. खांद्याला पिशवी, हातात छोटं रेकॉर्डर. ती बायकांना विचारत होती, पाणी किती मिळतं, कुठून आणता. सगळ्या जणींनी मला पुढं ढकललं, कारण मी मेंबर. मी दोन-तीन मिनिटं बोलले. काय बोलले? सकाळची खेप येते, दुपारची येत नाही, आमच्या वस्तीत एकसष्ट उंबरे आहेत, एका उंबऱ्याला चार हंडे येतात आणि त्यात शेळ्याही आल्या. एवढंच. सरकारवर टीका नाही, कुणाचं नाव नाही. आकडे माझे पाठ होते, कारण हंडे मीच मोजत होते.

ते संध्याकाळी लागलं. मी चुलीपुढं होते. थोरला मुलगा धावत आला, "आई, स्टँडवरच्या हॉटेलात तुझा आवाज लागलाय." मला आधी भीती वाटली. आता घरात काय होईल? मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी आपला रेडिओ लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "एकसष्ट न्हाय, बासष्ट उंबरं. धनगराचं नवं खोपाट धरलं न्हाईस." त्या दिवसापर्यंत मामंजी पंचायतीच्या कामाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

त्या बोलण्यानं दुसऱ्या दिवशी दुपारची खेप आली असं झालं नाही. आठ-दहा दिवस लागले, दोनदा तहसीलला जावं लागलं. पण हॉटेलापुढनं जाताना एकानं विचारलं, "मेंबर, खेपेचं काय झालं?" मी मागं वळून पाहिलं, यजमान आलेत की काय. तो मलाच विचारत होता.

पुढं पुण्यात एका प्रशिक्षणात एका प्राध्यापकबाईंनी पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला एक अभ्यास सांगितला. संशोधकांनी गावकऱ्यांना गावप्रमुखाचं एक भाषण टेपवर ऐकवलं. शब्द तेच, पण काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं आणि काहींना बाईच्या. जिथं कधीच बाई गावप्रमुख झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी लेखलं. जिथं आरक्षणामुळं बाई त्या खुर्चीवर बसून गेली होती, तिथं हा फरक जवळजवळ मिटला होता. मी तो अभ्यास ऐकत होते आणि मला हॉटेलातला तो माणूस दिसत होता. कानाला सवय लागते. सवय लागेपर्यंत बाई कितीही नेमकं बोलली तरी तिचं बोलणं हलकं पडतं. मग ही सवय लावायला रेडिओइतकं स्वस्त आणि घरोघरी पोचणारं साधन दुसरं कोणतं आहे?

आकाशवाणीनं हे काम काही प्रमाणात फार आधीपासून केलंय, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. मुंबई केंद्रावरचं 'वनिता मंडळ' ऐकून वाढलेल्या बायका मला अजून भेटतात. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या. 1985 मध्ये 'रजनी' लागायची तेव्हा मी सातारला मामाकडं शिकायला होते. प्रिया तेंडुलकरची ती साधी गृहिणी गॅसवाल्याकडं जाऊन जाब विचारायची. आमच्या घरी गॅस नव्हता, चूल होती. तरी एक गोष्ट मला तिथंच कळली की प्रत्येक खिडकीच्या पलीकडं एक माणूस बसलेला असतो, त्याला नाव विचारता येतं आणि तक्रार कागदावर लिहून देता येते. वहीतली ती रिकामी जागा दिसली तेव्हा मला 'रजनी' आठवली होती, हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

पण बातम्या वाचणारी बाई दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय वाचते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे बाईनं स्वतः घेतलेला निर्णय स्वतः सांगणं. तिथं आपण अडखळलोय.

'होम मिनिस्टर' 2004 मध्ये सुरू झालं. गावोगावच्या बायका पहिल्यांदा माइक धरून, सासूसमोर, हसत, न घाबरता बोलताना दिसल्या, याचं मोल मी मानते. माझ्या जावेनं ते बघूनच बचत गटाच्या मेळाव्यात बोलायचं धाडस केलं. पण माइक धरलेल्या त्या बायकांना लग्न कसं जमलं आणि उखाणा येतो का, एवढंच विचारलं गेलं. तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याही तितक्याच ठसक्यात बोलल्या असत्या.

सरपंच असताना एका वाहिनीनं मला महिला दिनाच्या चर्चेला बोलावलं होतं. मी चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीकडं येऊ लागल्यावर आमच्या आराखड्यात काय बदललं, याचे कागद घेऊन गेले. मला विचारलं, घर आणि राजकारण यांचा मेळ कसा घालता? यजमान मदत करतात का? स्वयंपाक कोण करतं? माझ्या शेजारी बसलेल्या पुरुष सरपंचाला विचारलं, पाणलोटाचं काम कसं केलंत? पिशवीतले कागद तसेच परत आणले. त्या दिवशी तो कार्यक्रम पाहणाऱ्या एखाद्या मुलीनं काय शिकून घेतलं असेल? की बाई सरपंच झाली तरी तिला भाकरीबद्दलच विचारतात. अशा चर्चेपेक्षा चर्चा न झालेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवडणुकीच्या काळात मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी वेळ मिळतो. ही सोय 1977 पासून आहे. पण ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती, त्यातल्या निम्म्या जागांवर बायका, आणि या बायकांच्या वाट्याला त्या वेळेतला एक मिनिटही नाही. वर लोकसभेत 2024 मध्ये 543 पैकी 74 बायका निवडून गेल्या म्हणून आपण हळहळतो. वर जाणारी वाट जिथून सुरू होते तिथल्या बाईचा आवाज शेजारच्या गावालाही ऐकू जात नाही, त्याबद्दल कुणी हळहळत नाही.

सामुदायिक रेडिओनं हे करावं, पण त्याचे हात बांधलेले आहेत. 2006 च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढता येऊ लागली. म्हसवडचं माणदेशी तरंग 2008 चं. त्याच वर्षी झहीराबादजवळच्या माचनूरला दलित बायकांचं संघम रेडिओ अधिकृतपणे हवेत गेलं. त्यांचा स्टुडिओ 1998 मध्येच बांधून झाला होता. परवान्यासाठी दहा वर्षं थांबावं लागलं, तेवढा काळ त्या बायका कार्यक्रम कॅसेटवर भरून संघमच्या बैठकांमध्ये ऐकवत राहिल्या. एवढ्या चिकाटीच्या बायकांना आजही आपल्या केंद्रावरून स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायला परवानगी आहे, पण आपल्याच गावातल्या ग्रामसभेची बातमी तयार करून सांगायला नाही. पाणी, हवामान, शाळेच्या परीक्षा अशी माहिती चालते. ही माहिती कुठं संपते आणि बातमी कुठं सुरू होते, याचा विचार करत त्या पोरींनी रेकॉर्डर बंद करायचं.

बातम्यांची मोकळीक दिली तर निवडणुकीत तिचा गैरवापर होईल, असं मला एका अधिकाऱ्यांनी समजावलं होतं. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण आज गावातला कुणीही पोरगा मोबाइल समोर धरून चॅनेल काढतो, पारावरची भांडणं थेट दाखवतो, त्याला कोणती परवानगी लागते? नियम आडवा येतो तो फक्त परवाना घेऊन, हिशेब देऊन, दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत बोलणाऱ्या केंद्राला. ग्रामसभा उघड्यावर भरते, तिचं इतिवृत्त सार्वजनिक असतं. तिथं काय बोललं गेलं ते रेडिओवर सांगायला बंदी कशासाठी? केंद्र सरकारनं निदान ग्रामसभा आणि महिला सभा यांच्यापुरती ही बंदी उठवावी. आकाशवाणीची केंद्रं तर सातारा, सोलापूर, बीड, धुळे, यवतमाळ अशी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांना बातम्यांची आडकाठी नाही. आठवड्याला एका गावची महिला सभा त्यांनी ऐकवावी. उखाण्याशिवाय, सत्काराशिवाय, नुसती सभा.

आणि मालिका लिहिणाऱ्यांना एक विनंती. 'उंच माझा झोका'मधल्या छोट्या रमेनं 2012 मध्ये घराघरांत जागा केली होती, आमच्याकडंही. ज्या रमाबाई रानड्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केलं, त्यांची गोष्ट कुणीतरी त्या टोकापासून सुरू करून सांगावी. मुंबई इलाख्यात 1921 मध्ये बायकांना मत देण्याचा हक्क मिळाला. सह्या कशा जमवल्या असतील, कोणाच्या दारातून परत यावं लागलं असेल? ते मला रोज रात्री साडेआठला बघायला आवडेल.

महिला सभेचं सांगायचं राहिलं. कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडं ती सह्यांपुरती असायची. शिपाई वही घेऊन घरोघर फिरायचा. मी सरपंच झाल्यावर पहिल्या सभेची दवंडी कोतवालानं दिली आणि नऊ जणी आल्या. रेडिओचा तो दिवस मला आठवला. पुढच्या वेळी मी मोबाइलवर माझाच आवाज भरला. 'उद्या दुपारी दोनला मारुतीच्या देवळात महिला सभा. विषय स्मशानभूमीचा रस्ता, अंगणवाडीचं छप्पर, दहा टक्के महिला-बालकल्याण निधी कुठं खर्चायचा. पोरं घेऊन आलात तरी चालेल.' ते घंटागाडीच्या भोंग्यावर दोन दिवस वाजवलं. सत्तरच्या वर बायका आल्या. अंगणवाडीचं छप्पर रस्त्याच्या आधी घ्यायचं, असं त्यांनीच ठरवलं.

परवा आमच्या वॉर्डात उभी राहू पाहणारी एक सून माझ्याकडं आली. डी.एड. झालेली, पोर कडेवर. म्हणाली, "आत्या, तुमचा आवाज गावाला वळखीचा हाय. माझ्यासाठी भोंग्यावर दोन शब्द बोला की." मी म्हटलं, मी बोलणार नाही, तू बोल, मी फोन धरते. पहिल्यांदा ती पाठ केल्यासारखं बोलली. दुसऱ्यांदा मध्येच शेळी ओरडली. तिसऱ्यांदा तिनं सासऱ्यांच्या नावानं सुरुवात केली, ते मी पुसायला लावलं. चौथ्यांदा तिनं पोराला खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "वरच्या आळीला नळाला सहा दिवसांनी पाणी येतंय. मी त्याबद्दल बोलायला आलेय."

ते आम्ही ठेवलं.