ऑडिटरचं ऑडिट कोण करणार?

बिडकीनच्या ७,८५५ एकर औद्योगिक क्षेत्रासाठी २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर, एथर अशी मोठी नावं जाहीर झाली. अशा कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या ऑडिटरवर लक्ष ठेवायला दिल्लीत राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आहे. पण त्याच बिडकीनचा मजूर किंवा जमीन गेलेला शेतकरी ज्या पतसंस्थेत पैसा ठेवतो, तिच्या ऑडिटरवर कोण लक्ष ठेवतं?

हे प्राधिकरण सहज मिळालेलं नाही. २००९ मध्ये सत्यम घोटाळा उघड झाला. ऑडिटरची चौकशी त्यांच्याच व्यवसायाच्या संस्थेने करायची, ही पद्धत तिथे उघडी पडली. २०१३ च्या कंपनी कायद्यात प्राधिकरणाची तरतूद झाली, सनदी लेखापालांच्या संस्थेने विरोध केला आणि प्रत्यक्ष स्थापनेला १ ऑक्टोबर २०१८ उजाडला. आज ते दोषी ऑडिटरला दंड करू शकतं, दहा वर्षांपर्यंत कामबंदी घालू शकतं. मात्र त्याची नजर शेअर बाजारात नोंदलेल्या आणि इतर मोठ्या कंपन्यांवर. पतसंस्था त्या कक्षेतच नाही.

पतसंस्थेचा ऑडिटर सरकारी यादीतला असतो, पण त्याला नेमते संस्थेची सर्वसाधारण सभा आणि फी देते संस्थाच. ती सभा कोणाच्या मुठीत असते, हे गावाला सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये आपल्याच शहरातल्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत सुमारे २०० कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला आणि ठेवीदार रस्त्यावर आले. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही.

काही जण म्हणतील, प्राधिकरण आल्याने घोटाळे थांबले का? नाहीत. पण चुकीची सही करणाऱ्याचं नाव आणि आदेश आता जाहीर होतो. दुसरे म्हणतील, हा सहकाराच्या स्वायत्ततेवर घाला आहे. स्वायत्तता कोणाची? सभासदाची की संचालकांच्या घराण्याची?

महालेखापरीक्षक हा संविधानातला बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे, असं बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितलं. कारण स्पष्ट आहे : ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्या मर्जीवर तपासणारा जगत असेल, तर ती तपासणी नव्हे.

म्हणून मागणी एकच. पतसंस्थांच्या ऑडिटरची नेमणूक, फी आणि शिक्षा संस्थेच्या हातातून काढून स्वतंत्र प्राधिकरणाकडे द्या. भागधारकाच्या पैशाला पहारेकरी आणि मजुराच्या पैशाला नशीब, ही हिशेबातली वर्णव्यवस्था आम्हाला मान्य नाही.

जय भीम!